पाहिजे तो बदामी

"नव्या बाथरूमचा रंग तू ठरव, एस्तेर," असं सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातली सांडशी दुधात पडली.

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी भिंतीत एक खिळासुद्धा स्वतःच्या मनानं ठोकलेला नव्हता. पडदे सासूबाईंनी निवडलेले, फरशी त्यांनी निवडलेली, फाटकाची कडी कुठल्या बाजूला हवी हेही त्यांनीच ठरवलेलं. आणि आता एकदम एक अख्खी खोली! जुनं न्हाणीघर आणि शेजारचा संडास यांच्यामधली भिंत पाडून जी काही जागा निघाली होती तेवढीच, पण खोली ती खोली. मी गॅस बंद केला, सांडशी बाहेर काढली आणि आवाजात फार आनंद येणार नाही अशी काळजी घेत विचारलं, "कुठलाही रंग चालेल, आई?"

"कुठलाही. पाहिजे तो बदामी घे."

आता बदामीबद्दल थोडं सांगणं भाग आहे. आम्ही नगरच्या एका मिशन कंपाउंडात राहतो. घरं ट्रस्टची आहेत, आणि ट्रस्टचा नियम असा की घरांना आतून-बाहेरून बदामी रंग असावा. हा नियम कुणी केला आणि का केला, हे कुणालाच ठाऊक नाही. कधीकाळी कुणाला तरी बदामी रंगाची पोती स्वस्तात मिळाली असावीत, असा माझा अंदाज आहे. पुरावा नसल्यामुळे मी तो अंदाज म्हणूनच सांगते. मधल्या काळात आमच्या शहराचं नाव बदललं, जिल्ह्याचं बदललं, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या. कंपाउंड बदामीच राहिलं. कुणी नियम मोडलाच, तर प्रॉपर्टी कमिटी स्वतःचा रंगारी पाठवते आणि घरच्या बाईच्या डोळ्यांदेखत भिंत बदामी करून जाते.

माझ्या सासूबाई, फिलोमिनाबाई, कंपाउंडातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. कमिटीचे सगळे सभासद त्यांच्या हाताखालून गेलेले. काही जण हातातल्या पट्टीखालून. त्यांना आजही सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, आणि बाई बसा म्हणेपर्यंत पन्नाशीचे पुरुष आमच्या घरात उभे असतात.

याचा एक परिणाम म्हणजे आमचा जांभळा हॉल. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनी दुकानात स्वतः जाऊन, शेडकार्ड डोळ्याजवळ धरून, हॉलसाठी बदामी निवडला. सूर्यभान रंगाऱ्यानं डबा उघडला तेव्हा आत वांग्याच्या फुलासारखा फिक्कट जांभळा रंग होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जस्टिनकडे पाहिलं. जस्टिन म्हणजे माझा नवरा. तो सुप्याच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासतो. त्यानं आईकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "झकास बदामी." झालं. तेव्हापासून प्रॉपर्टी कमिटी त्याच हॉलमध्ये बसून चहा पिते आणि यादीत आमच्या घरापुढे 'बदामी' अशी खूण करते. मला वाटायचं, हा सगळा आदराचा प्रकार आहे. मी विज्ञान शिकलेली बाई. तीन वर्षांत मला दुसरं कारण सुचू नये, याची अजून लाज वाटते.

माझ्या मनात मात्र रंग ठरलेला होता. आज नाही, बी. एस्सी.ला असल्यापासून. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मोरचुदाचे खडे पाण्यात टाकले की चंचुपात्राच्या तळाशी पहिल्यांदा एक निळी रेघ हलते, मग ती वर चढते, आणि बघता बघता सगळं पाणी असं निळं होतं की वर्गातली मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प होतात. त्या निळ्यात आत जाऊन उभं राहता आलं तर, असं मला कित्येक वर्षं वाटत आलंय. पांढऱ्या टाइल्स खांद्यापर्यंत, आणि त्यावर तो निळा. मला रात्री झोप लागेना. एरवी मी शांत बाई आहे, पण त्या आठवड्यात मी दोनदा पोळ्या करपवल्या आणि एकदा वर्गात गाणं गुणगुणले.

परीक्षानळीत मोरचुदाचं द्रावण घेऊन, ती रुमालात गुंडाळून मी माळीवाड्यातल्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार श्रीमंतशेठ म्हणाले, "मॅडम, मशीनला वाळलेला नमुना लागतो."

"तापवून वाळवला तर हा पांढरा पडेल," मी म्हणाले. "यातलं पाणी गेलं की रंग जातो."

शेजारी कुंपणाला द्यायचा रंग घ्यायला आलेले एक शेतकरी उभे होते. कारभारी म्हणून कुणीतरी त्यांना हाक मारली होती. ते नळीकडे बघत म्हणाले, "मोरचूद हाय व्हय हे? डाळिंबावर मारायचंय का, ताई?"

"नाही, बाथरूमला."

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "बुरशी लई झालीया?"

"बुरशी नाही हो. मला असा रंग हवाय."

"मग चुना घालून मारा. नुसतं मोरचूद पानं जाळतं." एवढं सांगून, माझ्या बाथरूमच्या पानांची काळजी चेहऱ्यावर ठेवून ते गेले.

श्रीमंतशेठनी शेवटी नळी उजेडात धरून, शेडकार्ड तिच्यामागे सरकवत सरकवत, डोळ्यांनीच रंग जुळवला. कंपनीनं त्याला कुठल्याशा समुद्राचं नाव दिलं होतं. मी त्याचा लहान डबा घेतला आणि सोबत बदामीच्या चार छटांचे लहान डबे घेतले. कारण उघड बंड करण्याचा माझा स्वभाव नाही. प्रयोगात तुलनेसाठी एक वेगळा नमुना ठेवायची पद्धत असते. तो निळा, असं मी स्वतःला सांगितलं.

भिंतीवर मी पाच चौकोन रंगवले. पट्टीनं आखून, कडा चिकटपट्टीनं झाकून. चार बदामी, पाचवा निळा. सकाळचा उजेड, दुपारचा उजेड, ट्यूबलाइट, सगळ्यांत पाहायचं ठरवलं. पण कंपाउंडात कुणाच्या बाथरूममध्ये पाच चौकोन आहेत ही बातमी एकटी राहत नाही. बायका येऊ लागल्या. चप्पल काढून, पदर सावरून, प्रदर्शनात यावं तशा. एक म्हणाली चौथा घे, मळ दिसत नाही. दुसरी म्हणाली तोच नको, मळ दिसत नाही म्हणजे मळ राहतो. भिंतीपलीकडच्या कडूबाई, मूळच्या पाथर्डीकडच्या, निळ्यापाशी थांबल्या. "ह्यो बेस हाय. आमच्यात चुन्यात नीळ घालून भिती सारवत्यात. लई गार वाटतं बगा." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

रंगारी सूर्यभान म्हणाला, "मॅडम, बदामी मारा आन् मोकळं व्हा. उगं कमिटी मला परत पाठवील. तुमच्याच भितीवर दोनदा चढायचं, मला बी बरं वाटत न्हाई."

संध्याकाळी सासूबाई काठी टेकत आल्या. पहिला चौकोन पाहिला, दुसरा पाहिला, नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ जाऊन पाचही पाहिले. मग काठीचं टोक निळ्यावर ठेवलं.

"हा घे. बाकीचे काळपट आहेत. हा खरा बदामी."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सासूबाई थट्टा करत नाहीत. त्यांनी शेवटची थट्टा केली तेव्हा ती ज्याच्यावर केली तो शाळा सोडून गेला होता, असं सांगतात. त्या मनापासून बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटची बाटली उचलली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती बाटली तपकिरी काचेची असते, कारण तपकिरी काच निळा उजेड आत येऊ देत नाही. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर असंच पिवळं, मग तपकिरी होत जातं. त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. मी एक रिकामी तपकिरी बाटली धुऊन पर्समध्ये टाकली, घरी आले, थेट बाथरूममध्ये गेले आणि बाटली डोळ्याला लावून पाचव्या चौकोनाकडे पाहिलं.

बदामी! अगदी झकास बदामी. बाटली काढली, निळा. लावली, बदामी. हॉलकडे वळून पाहिलं, तोही बदामी. तीन वर्षांचं कोडं एका बाटलीत सुटलं. मी आनंदानं बाटली लावत होते, काढत होते, हसत होते. आणि मागे वळले तर दारात कडूबाई ताकाचं पातेलं घेऊन उभ्या.

"चालू द्या, मॅडम," त्या घाईनं म्हणाल्या आणि पातेलं ओट्यावर ठेवून गेल्या.

दोन दिवसांनी आमच्या चर्चचे पाळकसाहेब अचानक भेटीला आले. त्यांनी चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "एस्तेरबाई, घरात काम निघालं की मनावर ताण येतो. पण बाटली हा काही त्यावर उपाय नाही." मी पर्समधून बाटली काढून त्यांच्या डोळ्याला लावायला गेले, तर ते दोन पावलं मागे सरकले. त्यांनी प्रार्थना केली, ती फार सुंदर होती. तिच्यात माझं नाव तीनदा आलं. आमच्या घराण्यात चहापेक्षा कडक काही कुणी घेतलेलं नाही, आणि पुढचे दोन रविवार लोक माझ्या चालण्याकडे निरखून बघत होते.

जस्टिनला मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मग अजून काय पाहिजे? तुला निळा मिळेल, आईला बदामी मिळेल. एकाच डब्यात."

मोह झाला, नाही म्हणत नाही. पण भिंत सोडा, डोळा आईंचा होता. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसले. "आई, तो पाचवा चौकोन निळा आहे. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आपण डॉक्टरांना दाखवू."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "एस्तेर, मी पहिलीच्या पोरांना रंग शिकवलेत. आता तू मला शिकवणार?" आणि खिडकीतून बाहेर हाक दिली, "कृपादान!"

कृपादान म्हणजे प्रॉपर्टी कमिटीचे सेक्रेटरी. स्कूटरवरून घरी चालले होते. ते आत आले, "सलाम, बाई," म्हणून उभे राहिले. त्यांना बाथरूममध्ये नेण्यात आलं.

"हा रंग कुठला?"

कृपादाननी चौकोनाकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. काठीकडे पाहिलं. "बदामी, बाई."

"मोठ्यानं."

"बदामी, बाई!"

मग रस्त्यानं जाणारे आणखी दोघे आत आले, आणि शेजारच्या दोघी. सगळ्यांना एकच प्रश्न, सगळ्यांचं एकच उत्तर. सूर्यभान रंगारी तर स्वतःहून म्हणाला, "बाई म्हनत्यात तर बदामीच. डब्याचं झाकण निळं हाय, ती कंपनीची चूक."

विज्ञान बहुमतावर चालत नाही, असं मी दरवर्षी मुलांना सांगते. आमच्या बाथरूममध्ये ते चाललं. मी खरं सांगितलं होतं आणि साक्षीपुराव्यानिशी हरले होते. माझ्या आयुष्यातला हा एकच पराभव, ज्यात मला हवं ते सगळं मिळालं. कृपादाननी जागच्या जागी मंजुरी लिहिली, 'बाईंनी पाहिल्याप्रमाणे बदामी'. माणूस हुशार. 'पाहिल्याप्रमाणे' हा शब्द त्यांनी उगाच घातला नव्हता.

डॉक्टरांचा विषय मी तरीही रोज काढत होते. सासूबाई रोज नाही म्हणत होत्या. त्या नाही म्हणाल्या की मला वाईट वाटायचं, आणि थोडं बरंही वाटायचं. दोन्ही भावना खऱ्या होत्या. त्यांचं प्रमाण मी मोजलेलं नाही.

रंग लागला त्या संध्याकाळी मी दिवा लावून आत उभी राहिले. काय सांगू! चंचुपात्रात उभं राहिल्यासारखं वाटलं. पांढऱ्या टाइल्सवर निळ्याची झाक उतरली होती, नव्या नळाच्या तोटीत ती चमकत होती. मी अंघोळ केली आणि कारण नसताना पुन्हा एकदा केली. बाहेरून जस्टिन म्हणाला, "टाकी संपेल."

टाकी संपली नाही, पण दुसरी अडचण आली. आमच्या बाथरूमची खिडकी रस्त्यावर आहे आणि दिवा लावला की ती निळी पेटते. कंपाउंडाच्या फाटकापासून दिसते. कुणीतरी, नाव न देता, कमिटीकडे तक्रार केली. कृपादाननी निरोप पाठवला की नाताळाच्या आधी कमिटी पुन्हा पाहणी करील. "काळजी नको," असंही कळवलं. "बाईंनी एकदा सगळ्यांसमोर बदामी म्हटलं की मिटलं." नाताळात घरोघर गाणी गात फिरणाऱ्या कॅरल पार्टीचा शेवटचा चहा आमच्याकडे असतो. सगळं कंपाउंड घरात, आणि एवढा चहा पिऊन एवढी माणसं शेवटी कुठं जातात हे उघड आहे. तेव्हा माझ्या भिंती कुठल्या रंगाच्या असतील, एवढाच प्रश्न होता.

आणि तेवढ्यात त्या पांढऱ्या साडीनं घात केला.

महिला मंडळानं रविवारी चर्चमध्ये पांढऱ्या साड्या नेसून गायचं ठरवलं होतं. सासूबाई आपल्या साड्यांना नीळ स्वतःच देतात. कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांनी नीळ घातली. दिसेना. आणखी घातली. तरी दिसेना. मी त्या वेळी कॉलेजात होते. रविवारी त्या तयार होऊन बाहेर आल्या तेव्हा ती साडी माझ्या बाथरूमची सख्खी बहीण झाली होती. "आई, साडी निळी झालीय," मी म्हणाले. "तुला हल्ली सगळंच निळं दिसतं," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

मंडळीत कुणी अवाक्षर काढलं नाही. उपदेशात शुभ्र वस्त्रांचा उल्लेख आला तेव्हा पाळकसाहेबांनी सवयीनं बाईंकडे आदरानं पाहिलं, आणि लगेच पुस्तकात पाहिलं.

पण फोटो निघाला, आणि तो सोनईला गेला. सोनईला सासूबाईंच्या थोरल्या बहीण राहतात. या जगात बाईंची विद्यार्थिनी नसलेली आणि बाईंना 'ए फिले' म्हणणारी ही एकच व्यक्ती उरली आहे. संध्याकाळी त्यांचा फोन आला. सासूबाई फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात.

"ए फिले, समद्या बगळ्यांत तू एकलीच नीळकंठ कशी गं?"

"पांढरीच नेसले होते, अक्का."

"पांढरी? डोळं गेलं का तुझं? निळीभोर हाय! नातवानं मोठ्ठं करून दावलं मला. तुझ्याकडं कुनी सांगनारं न्हाई का?"

 सासूबाई म्हणाल्या, "सांगणारी आहे एक." आणि माझ्याकडे न बघता, "उद्या डॉक्टरांकडे चल."

रिक्षात त्यांनी विचारलं, "आणखी काय काय निळं आहे?"

"बाथरूम," मी म्हणाले.

"ते मी डोळे बरे झाल्यावर पाहीन. आणि मग ठरवीन."

हॉलबद्दल त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

आधी उजवा डोळा, डावा महिन्याभरानं, असं ठरलं. उजव्याचं ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला, डोळ्याला पाणी लावायचं नाही अशी ताकीद मिळाली. घरी आल्यावर सासूबाई हॉलमधल्या आपल्या खुर्चीत बसल्या, पडदे ओढायला लावले आणि काळा चष्मा काढला.

"हे काय?"

"हॉल आहे, आई," जस्टिन म्हणाला.

"ते कळतंय. हा रंग कुठला?"

"बदा—" जस्टिन सवयीनं म्हणाला आणि थांबला.

"वांग्याच्या फुलाचा रंग आहे हा! तीन वर्षं मला यात बसवलंत? पाळक आले, बिशप येऊन गेले! एकानं सांगू नये?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?" मी हळूच विचारलं.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. आणि त्याच क्षणी फाटकाची कडी वाजली.

कमिटी आली होती. कृपादान आणि दोन सभासद. त्यांच्यामागून सूर्यभान, हातात ब्रश आणि बदामीचा मोठा डबा. तो पायरीवर बसला आणि काठीनं रंग ढवळू लागला. ज्या हातानं माझा निळा लावला, त्याच हातानं. माझी नजर पाहून म्हणाला, "मॅडम, माझं काय न्हाई. सांगतील त्यो मारायचा."

"सलाम, बाई," कृपादान म्हणाले. "आता कसं दिसतंय?"

"सगळं," सासूबाई म्हणाल्या.

कृपादानचा चेहरा कुठल्याही डोळ्यानं पांढराच दिसला असता. बिचाऱ्यांची कोंडी मला समजत होती. भिंत बदामी म्हणावी, तर आता दिसणाऱ्या बाईंसमोर ते खोटे ठरणार. निळी म्हणावी, तर आधी बाईंना फसवल्याची कबुली, आणि तशी नोंद झाली की सूर्यभान आत जाणार.

सासूबाई उठल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि आतून कडी लावली.

आम्ही सगळे बाहेर उभे. बसा म्हणायला कुणी नव्हतं. आतून आवाज नाही, पाण्याचा नाही, काठीचा नाही. एक सभासद भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. ते गेल्या महिन्याचं होतं. बाहेर डबा ढवळल्याचा आवाज येत होता.

मग आतून हाक आली. "एस्तेर. एकटी ये."

सासूबाई कमोडचं झाकण लावून त्यावर बसल्या होत्या. चष्मा मांडीवर. "हा तुला हवा होता?"

"हो, आई."

"का?"

मी मोरचुदाचं सांगितलं. तळाशी हलणारी निळी रेघ, गप्प होणारी मुलं, सगळं. इतकं एका दमात मी वर्गाबाहेर कधी बोलले नसेन. माझा आवाज चढला होता आणि हात हलत होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग डावा डोळा हातानं झाकला, भिंत पाहिली. उजवा झाकला, भिंत पाहिली. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. असं त्या पहिलीतल्या पोरीसारखं कितीदा तरी करत राहिल्या.

"यानं बदामी, यानं निळा," त्या म्हणाल्या. "आणि निळा असा असतो, हे मी विसरूनच गेले होते गं." मग काठीवर जोर देऊन उठल्या आणि दार उघडलं.

"कृपादान, मी कधी खोटं बोलले आहे?"

"नाही, बाई."

"मग नीट बघ." सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. दवाखान्यात तक्ता वाचायला लावतात तसा त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, भिंतीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला हा बदामी दिसतो. लिही."

कृपादाननी इतक्या घाईनं लिहिलं की पेन कागदातून आरपार गेलं. बाहेर सूर्यभाननं डब्याचं झाकण ठोकून बसवलं. त्या आवाजाइतकं गोड संगीत मी नाताळातसुद्धा ऐकलेलं नाही.

सासूबाईंनी तळहात खाली घेतला आणि दोन्ही डोळ्यांनी कृपादानकडे पाहिलं. "आता मला सांग, या हॉलचा रंग कुठला?"

कृपादाननी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. "बाई... तुम्ही म्हणाल तो."

"म्हणूनच तू सातवीत राहिलास."

"बाई, मी चौथीत राहिलो होतो."

"दोन्हीत राहिलास. बसा आता. एस्तेर, चहा टाक."

कॅरल पार्टी आली, गायली, चहा प्याली. बाथरूमसमोर रांग लागली आणि प्रत्येक जण बाहेर येताना गंभीरपणे म्हणत होता, "बाई, काय सुंदर बदामी आहे." पाळकसाहेब जरा जास्तच वेळ आत होते. मी पाहिलं नाही, पण माझी तपकिरी बाटली मी तिथल्या फळीवर ठेवली होती, आणि बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन दिलगिरी व्यक्त केली.

नाताळ सरल्यावर दवाखान्यातून फोन आला. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर. डाव्या डोळ्यासाठी कुठली तारीख देऊ, असं डॉक्टर विचारत होते.

सासूबाई नव्या बाथरूमच्या दाराकडे बघत म्हणाल्या, "आमच्या कमिटीची मुदत मार्चअखेर संपते, डॉक्टर. तोवर हा डोळा आहे तसा राहू द्या. मला तो ऑफिसच्या कामाला लागतो."